१६एक्स लेन्स लावूनही पक्षी लहानच का येतो? झूम फॅक्टर आणि मॅग्निफिकेशनचा घोळ कसा सोडवायचा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स बाजूला ठेवून १८-३०० मिमीची लेन्स घेतली, जाहिरातीत '१६एक्स झूम' असं ठळक लिहिलं होतं, आणि तरी झाडावरचा पक्षी फोटोत ठिपक्याएवढाच येतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाची लेन्स १००-४०० ची, म्हणजे हिशेबाने जेमतेम ४एक्स, पण त्याच्या फोटोत पक्षी चांगला मोठा दिसतो. मग लेन्स सदोष निघाली का, कॅमेऱ्यात एखादं सेटिंग चुकलंय का, अशी शंका येते.

दुसरी तक्रार जवळच्या वस्तूंची. झूम पूर्ण ओढून फुलाजवळ गेलं की फोकस लागतच नाही. मागे सरकलं की लागतो, पण मग फूल लहान होतं. तिसरी तक्रार फोनची: ५एक्स दाबलं तरी फोटो मऊ, पुसट येतो.

या तिन्हींत बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. झूम फॅक्टर आणि मॅग्निफिकेशन हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि दोन्ही 'एक्स' लावून छापले जातात. एकाच्या भरवशावर दुसऱ्याची अपेक्षा केली की निराशा ठरलेली. आणि हे पुन्हा पुन्हा घडतं, कारण खोक्यावर झूम फॅक्टरच मोठ्या अक्षरात असतो. जो आकडा खरोखर उपयोगाचा, तो तपशिलाच्या तक्त्यात तळाला असतो.

खरा बिघाड नाही ना, याची खात्री

दोन-तीन गोष्टी लगेच तपासून घ्या. काढलेल्या फोटोची माहिती कॅमेऱ्यात उघडा आणि फोकल लेंग्थ (लेन्सवर मिमीत लिहिलेला आकडा, जितका मोठा तितकं दूरचं मोठं दिसतं) वाचा. तिथे ३०० च्या जागी २१० दिसत असेल तर झूम रिंग शेवटपर्यंत फिरलेलीच नव्हती. लेन्सच्या बाजूला फोकस लिमिटरची कळ असेल तर ती 'फुल'वर आहे का पाहा. ही कळ जवळचं अंतर वगळणाऱ्या खुणेवर राहिली असेल, तर जवळच्या वस्तूवर फोकस लागणारच नाही, आणि लेन्स बिघडली असंच वाटेल. फोटोचा आकार 'लहान' ठेवलेला नाही ना, हेही बघा. हे सगळं ठीक असेल तर दुरुस्तीला देण्याआधी पुढचा हिशेब करून पाहा.

झूम फॅक्टर काय सांगतो

लेन्सची सर्वांत मोठी फोकल लेंग्थ भागिले सर्वांत लहान फोकल लेंग्थ, एवढंच. ३०० भागिले १८ म्हणजे १६.७. ४०० भागिले १०० म्हणजे ४. १८-५५ ची किट लेन्स ३एक्स, आणि १०-२० ची वाइड लेन्स २एक्स, जी काहीच जवळ आणत नाही. उलट सगळं दूर ढकलते. ६०० मिमीच्या प्राइम लेन्सचा झूम फॅक्टर १ आहे. तिला झूमच नाही. तरीही दूरच्या पक्ष्यासाठी ती या सगळ्यांना मागे टाकते.

जिन्याला पायऱ्या किती आहेत यावरून तो कितव्या मजल्यावर पोचतो हे कळत नाही, कारण तो कोणत्या मजल्यावरून सुरू झाला हे त्यात सांगितलेलं नसतं. झूम फॅक्टरचं तसंच आहे. टीव्ही प्रसारणासाठी कॅननची एक लेन्स ८.२ ते १००० मिमी, म्हणजे १२२एक्सची आहे. १००० हा आकडा मोठा आहेच, पण १२२ येतात ते मुख्यतः खालचं टोक ८.२ इतकं लहान असल्यामुळे. उलट स्थिर छायाचित्रणासाठी १९५९ मध्ये आलेली फोइग्टलँडरची झूमार लेन्स ३६-८२ मिमीची होती, म्हणजे सव्वादोन पटींच्या आसपास. लेन्स न बदलता फ्रेम बदलता येणं, हाच तेव्हा झूमचा उपयोग होता, आणि झूम फॅक्टर आजही फक्त त्या सोयीचंच माप आहे.

मॅग्निफिकेशन ही निराळी गोष्ट. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या भागावर, पडलेल्या प्रतिमेचा आकार भागिले खऱ्या वस्तूचा आकार, म्हणजे मॅग्निफिकेशन. १० मिमीचा किडा सेन्सरवर १० मिमीचाच पडला तर १एक्स, म्हणजेच १:१. तो ५ मिमीचा पडला तर ०.५एक्स, म्हणजे १:२. यात दोन टोकांची तुलना नसते. एका विशिष्ट अंतरावर, एका विशिष्ट फोकल लेंग्थला वस्तू किती मोठी उमटते, एवढंच असतं.

दूरच्या वस्तूंचा हिशेब

दूरच्या वस्तूसाठी सूत्र सोपं आहे: सेन्सरवरचा आकार म्हणजे वस्तूचा आकार गुणिले फोकल लेंग्थ भागिले अंतर. झूम फॅक्टर यात कुठेच येत नाही.

१५ सेंटिमीटरचा पक्षी १५ मीटरवर बसलाय असं धरा. ३०० मिमीला त्याची प्रतिमा ३ मिमीची पडते, ४०० ला ४ मिमीची, ६०० ला ६ मिमीची. सेन्सर एपीएस-सी असेल, म्हणजे सुमारे २३.५ मिमी रुंद, आणि त्यावर आडवे ६००० पिक्सेल असतील, तर पक्ष्याच्या लांबीला अनुक्रमे साधारण ७६५, १०२० आणि १५३० पिक्सेल मिळतात. आता तीच १८-३०० लेन्स १८ वर आणा: प्रतिमा ०.१८ मिमीची, पिक्सेल ४६. या ४६ वरून ७६५ वर येणं हेच ते १६ पट. जाहिरात खोटं बोललेली नाही. तिने फक्त लेन्सच्या एका टोकाची तुलना त्याच लेन्सच्या दुसऱ्या टोकाशी केली. शेजाऱ्याच्या लेन्सशी किंवा आपल्या डोळ्यांशी केली नाही.

इथे दुर्बिणीचाही गोंधळ होतो. '८ बाय ४२' दुर्बिणीतला ८ हा नुसत्या डोळ्याच्या तुलनेतला आकडा आहे, त्यामुळे '१६एक्स' लेन्स तिच्या दुप्पट जवळ आणेल असं वाटणं साहजिक आहे. ढोबळ तुलना करायची तर लेन्सची फुल फ्रेमच्या (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) हिशेबातली फोकल लेंग्थ काढून तिला ५० ने भागा, कारण ५० मिमीची लेन्स ढोबळमानाने डोळ्यासारखी धरतात. एपीएस-सीचा सेन्सर सुमारे दीडपट अरुंद, म्हणून त्यावरची ३०० मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या ४५० मिमीइतकी, त्याला ५० ने भागलं की ९. म्हणजे '१६एक्स' लेन्स आणि ८ पटींची दुर्बीण जवळपास बरोबरीला येतात. हा अंदाज आहे, काटेकोर माप नाही, पण अपेक्षा जागेवर आणायला पुरतो.

आता यात सेन्सर कुठे बसतो? निकॉन कूलपिक्स पी१००० हा २०१८ मध्ये आलेला कॅमेरा १२५एक्स झूमचा आहे आणि त्याच्यावर ३००० मिमीइतकी पोच सांगितली जाते. त्याच्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ ४.३ ते ५३९ मिमी आहे. आपल्या १५ मीटरवरच्या पक्ष्याची प्रतिमा त्यात ५.४ मिमीची पडते, म्हणजे ६०० मिमीच्या लेन्सपेक्षा लहानच. पण त्याचा सेन्सर जेमतेम ६.२ मिमी रुंद आहे, त्यामुळे तेवढ्याने फ्रेम जवळजवळ भरून जाते. म्हणजे सेन्सर लहान झाला म्हणून मॅग्निफिकेशन वाढत नाही. प्रतिमा तेवढीच राहते आणि तिच्याभोवतीची चौकट लहान होते. बारीक पिक्सेलमुळे तपशील जास्त टिपता येतो हे खरं. पण त्या टोकाला त्या लेन्सचं अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक; एफपुढचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी) एफ/८ वर आलेलं असतं आणि एवढ्याशा सेन्सरवर प्रकाशही कमीच पडतो, त्यामुळे ढगाळ हवेत किंवा दाट झाडीत नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, लगेच दिसू लागतो. भरपूर उजेडात मात्र तो कॅमेरा जे दाखवतो ते नवल वाटण्यासारखं असतं, आणि नुसता 'लहान सेन्सर' म्हणून त्याला हिणवणं मला पटत नाही.

दूरच्या टोकाची खातरजमा करायला चंद्र उत्तम. सेन्सरवर चंद्राचा व्यास फोकल लेंग्थच्या साधारण ११० व्या भागाइतका पडतो: ३०० मिमीला सुमारे २.७ मिमी, ६०० ला साडेपाच. फोटोतल्या चंद्राच्या व्यासाचे पिक्सेल मोजा, एका पिक्सेलच्या रुंदीने गुणा (सेन्सरची रुंदी भागिले आडवे पिक्सेल), आणि आलेल्या आकड्याला ११० ने गुणा. चंद्राचं अंतर बदलत असल्याने पाच-सात टक्के इकडेतिकडे होईल. पण ३०० च्या जागी २९० आलं तर लेन्स निर्दोष आहे असं समजा. फोकल लेंग्थचे आकडे पूर्णांकात गोळा करूनच छापलेले असतात.

पक्षी तरीही लहान येत असेल तर उपाय मोजकेच आहेत. पहिला आणि सर्वांत जोरदार: अंतर निम्मं करा. १५ मीटरवरून साडेसात मीटरवर गेलात तर ३०० मिमीची लेन्स जवळपास ६०० इतकं काम करते, शिवाय मधली हवा कमी झाल्याने चित्रही स्वच्छ येतं. पक्षी दचकणार नाही अशी आडोशाची जागा शोधून स्थिर बसलात तर कधीकधी तोच जवळ येतो. दुसरा उपाय टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं, फोकल लेंग्थ वाढवणारं जोडभिंग. १.४ पटींचा लावला तर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश जातो, २ पटींचा लावला तर दोन. एफ/६.३ च्या झूम लेन्सवर २ पटींचा लावला की एफ/१३ च्या आसपास पोचतो आणि अनेक कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस तिथे चाचपडू लागतो. शिवाय तो प्रत्येक लेन्सला बसत नाही. १८-३०० सारख्या लेन्सना तर बहुधा नाहीच. तिसरा उपाय टेली टोक (मोठ्या मिमीचं टोक) जास्त असलेली लेन्स, आणि तिथे निवडताना 'एक्स' न बघता फक्त मोठा मिमी आकडा बघा.

जवळच्या वस्तूंचा हिशेब

जवळ गेलं की चित्र पालटतं. इथे लेन्स किती जवळ फोकस करू शकते यावर सगळं ठरतं. तपशिलात दोन नोंदी शोधा: किमान फोकस अंतर आणि कमाल मॅग्निफिकेशन. किमान अंतर लेन्सच्या पुढच्या काचेपासून नव्हे, सेन्सरच्या पातळीपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला वर्तुळातून आरपार गेलेली रेघ असते, ती त्या पातळीची खूण. त्यामुळे '२५ सेंटिमीटर' लिहिलेलं असलं तरी काचेपासून वस्तूपर्यंत प्रत्यक्षात पुष्कळ कमी जागा उरते.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. कॅननची साधी १८-५५ एफ/३.५-५.६ एसटीएम किट लेन्स २५ सेंटिमीटरवरून ०.३६एक्स देते. कॅननचीच ७०-२०० एफ/२.८ची दुसरी आवृत्ती, ती प्रसिद्ध पांढरी भारदस्त लेन्स, १.२ मीटरवरून ०.२१एक्स देते. दोघींचा झूम फॅक्टर तीनच्या आसपास. बारा मिमीची मधमाशी किट लेन्सने सेन्सरवर सव्वाचार मिमीची उमटते, आणि मोठ्या लेन्सने अडीच मिमीची. म्हणजे फुलावरच्या मधमाशीसाठी हातातली किट लेन्सच सरस. कितीतरी जण हे न तपासता ती कपाटात टाकतात, याचं खरंच वाईट वाटतं.

झूम पूर्ण ओढलं की मॅग्निफिकेशनही कमाल होतं, हा समजही दर वेळी खरा नसतो. टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ जी२ वाइड टोकाला १८ सेंटिमीटरवरून १:२.७ देते, आणि टेली टोकाला ३८ सेंटिमीटरवरून १:४.१. तिथे फूल मोठं हवं तर झूम मागे घेऊन जवळ जायचं. आणखी एक गोष्ट: अनेक लेन्समध्ये जवळ फोकस केलं की आतली भिंगं अशी सरकतात की खरी फोकल लेंग्थच घटते. निकॉनची ७०-२०० एफ/२.८ व्हीआर दोन यासाठी ओळखली जाते, १.४ मीटरवर तिचं मॅग्निफिकेशन ०.१२एक्सच भरतं. पुढच्या एफएल आवृत्तीत ते १.१ मीटरवर ०.२१एक्स झालं. नाव तेच, मिमीचे आकडे तेच, आणि फुलाचा आकार मात्र पावणेदोन पट. हा फरक झूम फॅक्टरमधून कधीच कळला नसता.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण म्हणजे कॅननची एमपी-ई ६५ मिमी. तिच्यावर १ ते ५एक्स लिहिलेलं आहे आणि तो झूम मुळीच नाही. ते निव्वळ मॅग्निफिकेशन आहे. १ मिमीची गोष्ट ती सेन्सरवर ५ मिमीची करते, पण अनंतावर फोकस करू शकत नाही. '५एक्स लेन्स' म्हणून कोणी ती पक्ष्यांसाठी घेतली तर झाड तर सोडाच, खोलीच्या पलीकडची भिंतही स्पष्ट दिसणार नाही.

घरच्या घरी मोजा

तपशील सापडत नसेल, किंवा त्यावर विश्वास बसत नसेल, तर मोजपट्टी पुरेशी आहे. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, रिंग सर्वांत जवळच्या अंतरापर्यंत फिरवा आणि आता रिंगला हात न लावता कॅमेराच पुढेमागे करून पट्टी स्पष्ट करा. पट्टी फ्रेमच्या रुंदीला समांतर, सेन्सरसमोर सपाट असावी. फोटोत या कडेपासून त्या कडेपर्यंत किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. सेन्सरची रुंदी भागिले हे मिलिमीटर म्हणजे मॅग्निफिकेशन. फुल फ्रेमची रुंदी ३६ मिमी, निकॉन-सोनी एपीएस-सीची सुमारे २३.५, कॅनन एपीएस-सीची २२.३, मायक्रो फोर थर्ड्सची १७.३. कॅननच्या एपीएस-सीवर ६२ मिमी दिसले तर २२.३ भागिले ६२, म्हणजे ०.३६. हीच चाचणी झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये कुठेतरी करा. कमाल आकडा नेमका कुठे मिळतो हे प्रत्येक लेन्सचं वेगळं असतं. कॅमेऱ्यात चौरस किंवा १६:९ असा आकार निवडलेला असेल तर आधी मूळ आकारावर या.

'इक्विव्हॅलंट' किंवा '३५ मिमीच्या तुलनेत' असं लिहिलेलं मॅग्निफिकेशन दिसलं तर सावध राहा. ओएम सिस्टीमची ९० मिमी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) खऱ्या मापाने २एक्स आहे, पण सेन्सर फुल फ्रेमच्या जवळपास निम्म्या रुंदीचा असल्याने ती ४एक्सच्या तुलनेची म्हणून सांगितली जाते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका. कॅमेऱ्याच्या तपशिलात ०.७१एक्स किंवा ०.९५एक्स असं दिसलं तर ते व्ह्यूफाइंडरचं, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीचं, मॅग्निफिकेशन. त्याचा फोटोशी संबंध नाही.

फोनमध्ये ५एक्स मऊ का येतो

फोनवरचा 'एक्स' मुख्य कॅमेऱ्याच्या तुलनेत असतो. आयफोन १५ प्रो मॅक्सचा ५एक्स म्हणजे १२० मिमीच्या तुलनेची लेन्स. वरच्या ५० च्या हिशेबाने अडीच पटही नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ५एक्स दाबलं म्हणून टेली कॅमेराच चालू झाला असं नाही. उजेड कमी असेल किंवा वस्तू टेलीच्या किमान अंतराच्या आत असेल, तर अनेक फोन गुपचूप मुख्य कॅमेरा वापरतात आणि त्याचंच चित्र कापून मोठं करतात. तपासायला सोपं आहे: ५एक्सवर असताना टेलीच्या काचेवर बोट ठेवा. पडदा काळा झाला नाही, तर टेली वापरातच नाही. उजेड वाढवा किंवा थोडं मागे सरका आणि पुन्हा बोट ठेवून पाहा. १००एक्ससारखे आकडे म्हणजे लेन्सची पोच संपल्यावर कापून आणि गणिताने भरून काढलेला भाग. चंद्र सोडला तर तिकडे फारसं जाऊ नये असं माझं मत.

जवळचं मॅग्निफिकेशन वाढवायचं तर

एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी, भिंग नसलेली पोकळ नळी) लहान फोकल लेंग्थवर जास्त काम करते. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ एवढं मॅग्निफिकेशन वाढतं: ५० मिमीवर २५ मिमीची ट्यूब ०.५एक्सची भर घालते, तर २०० मिमीवर तीच ट्यूब फक्त ०.१२५ची. क्लोज-अप फिल्टरचं, म्हणजे लेन्सच्या पुढे लावायच्या भिंगाचं, उलटं. तो लांब लेन्सवर खुलतो. +४ डायॉप्टरचा (चष्म्याच्या नंबरासारखं माप) फिल्टर २०० मिमीला लावून लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तरी ०.८एक्स मिळतं. म्हणून ७०-२०० असणाऱ्याने ट्यूबऐवजी चांगला दुपदरी क्लोज-अप फिल्टर घ्यावा, आणि ५० मिमी असणाऱ्याने ट्यूब. खऱ्या १:१ ला पोचलात की दोन स्टॉपच्या आसपास प्रकाश कमी होतो आणि पुढून मागपर्यंत स्पष्ट दिसणारा भाग मिलिमीटरभरही उरत नाही. तेव्हा फोटो अंधारा आला किंवा मुंगीचा एकच पाय स्पष्ट आला तर लेन्सला दोष देऊ नका, फ्लॅश आणि स्टँड आणा.

ट्यूब किंवा क्लोज-अप फिल्टर लावल्यावर दूरचं काहीच फोकस होत नाही, अशीही तक्रार येते. तसंच होणार. ते काढलं की लेन्स पूर्ववत चालते.